पुऱ्या कोयत्याचं वय

आमच्या घरात दिवाळी झाली की कुलूप लागायचं. पाथर्डीच्या पलीकडच्या आमच्या वस्तीत सगळ्याच घरांना लागायचं. बायका भांडीकुंडी पोत्यात भरायच्या, कोंबड्या पाटीखाली झाकून गाडीला बांधायच्या आणि सगळी वस्ती ऊस तोडायला कारखान्यावर जायची. परत यायची ती चैत्र संपता संपता. मागं राहायचे म्हातारे आणि कुत्री. जमीन दोन एकर, तीही चुलत्यांच्या सामाईकीत, आणि पाऊस पडला तर बाजरी.

मी चौदा वर्षांचा असताना वडील गेले. ताप आला आणि तिसऱ्या दिवशी गेले, कारखान्यावरच, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत. मी तेव्हा तालुक्याच्या बोर्डिंगात आठवीला होतो. धाकटा भाऊ बारा वर्षांचा होता. तो गावच्या शाळेत तिसरीपर्यंत गेला होता आणि पुढं आईबापाच्या मागं हिंडत होता.

टोळीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघं मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. वडील गेल्यावर आई अर्धा कोयता झाली. अर्ध्याला कुणी टोळीत घेत नाही, कारण गाडी भरायला दोघं लागतात. मग मुकादमानं आपल्या वहीत धाकट्याचं नाव लिहिलं आणि वयाच्या जागी बाराच्या ऐवजी सोळा लिहिलं. माय-लेकाचा एक पुरा कोयता झाला. आमची चूल चालू राहिली आणि माझी शाळाही. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. टोळीत अशी पोरं आणखी चार-पाच होती. दर हंगामाला मुकादम मागच्या वयात एक मिळवून नवीन वय लिहायचा. चार वर्षांचा फरक तसाच पुढं चालत राहिला.

हे सगळं आधी सांगतो, कारण पुढं कोर्टात जे झालं ते या चार वर्षांवर झालं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन वर्षं आधीचा हंगाम. मी नगरला कॉलेजात, बी.ए.च्या मधल्या वर्षाला. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि मला त्याचा गर्व होता हे लपवत नाही. पांढरा लेंगा आणि इस्त्रीचा शर्ट घालून मी कोपीवर जायचो तेव्हा बाया पदर सावरून बसायच्या. टोळीतली माणसं कारखान्याच्या चिठ्ठ्या, गावाकडून आलेली कार्डं माझ्याकडून वाचून घ्यायची. मुकादम आमच्या भावकीतला, मी त्याला तात्या म्हणायचो. तो सगळ्यांना सांगायचा, "आपल्या टोळीत आता वकील हाय." मी वकील नव्हतो. पण मी त्याला तसं कधी म्हणालो नाही.

त्या दिवाळीत धाकटा भिंगारला भरतीला जाऊन आला होता. पलटणीत जायचं हे त्याचं एकच वेड होतं. उंची भरली, छाती भरली, वजन थोडं कमी पडलं. "म्होरच्या भरतीला ये म्हनले. तवर खा," असं सांगताना तो हसत होता. भिंगारला त्यानं खरं वय सांगितलं होतं, एकोणीस. सरपंचाची चिठ्ठी नेली होती. टोळीच्या वहीत मात्र तो तेवीस वर्षांचा होता. आईनं हंगामभर त्याच्या भाकरीवर जास्तीचं तेल घालायचं ठरवलं होतं.

नाताळच्या सुट्टीत मी कारखान्यावर गेलो, आणि त्याच आठवड्यात बाजाराच्या रस्त्यावर लूट झाली. एका किराणा दुकानदाराचा दिवाणजी सायकलवरून चालला होता. भर दुपारी उसातून तीन-चार जण आले, त्याला ढकलून पाडलं, पिशवी, घड्याळ आणि सायकल घेऊन गेले. हाताला कोयता लागून त्याला जखम झाली. तो एवढंच सांगू शकला की माणसं ऊसतोडीची दिसत होती, तोंडाला फडकी होती.

ऊसतोडीची म्हणजे कोण? त्या पट्ट्यात तेव्हा शेकडो कोपी होत्या. पण जवळची टोळी आमची. दुसऱ्या दिवशी सायकल आमच्या फडाच्या कडेला पाटात सापडली. पोलीस जमादार आला, मुकादमाला बाजूला घेऊन अर्धा तास बोलला आणि गेला.

दुपारी भाकरीच्या वेळेला तात्यानं सगळ्यांना बांधावर बसवलं. जमादाराचं म्हणणं असं होतं की वरून दट्ट्या आहे, त्याला माणूस पाहिजे. टोळीनं आपणहून एक दिला तर एकावर भागेल. नाही दिला तर उद्या तो सहाजण उचलून नेईल, गाड्या उभ्या राहतील, कारखान्याची तोड दुसऱ्या टोळीला जाईल. आपल्यातल्या कुणी लूट केली का, हे तात्यानं विचारलं नाही. कुणी केली नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. चोवीस तास एकमेकांच्या डोळ्यांसमोर राहणारी माणसं ती.

टोळीची एक रीत होती आणि अजूनही असेल. कुणाला ताप आला, कुणाच्या पायावर कोयता बसला, तर त्याचा वाटा बाकीचे तोडतात. त्याचा कोयता पडू देत नाहीत. त्या दुपारी बांधावर बसून सगळ्यांनी हा गुन्हाही तापासारखाच धरला. एकानं तो अंगावर घ्यायचा, बाकीच्यांनी त्याचा ऊस तोडायचा, बरा झाला की तो परत येईल. मागं रडायला पोरबाळ नाही असा कोण, हे बघत बघत सगळ्यांचे डोळे धाकट्यावर आले. त्याचं लग्न झालं नव्हतं.

आई म्हणाली, "मपल्या पोरानं काय केलंय?"

मग तात्या माझ्याकडं वळला. "तू सांग. कायद्यात काय हुईल?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. किंवा म्हणायला हवं होतं की न केलेला गुन्हा कुणी कबूल करायचा नसतो. पण वीस माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मला माहीत नाही असं म्हणायची मला सवय नव्हती. नगरला कचेरीसमोर अर्ज लिहिणाऱ्यांच्या टेबलापाशी मी कधीमधी उभा राहायचो. तिथं ऐकलेलं मी स्वतःचं म्हणून सांगितलं: पहिलाच गुन्हा असला आणि कबूल केलं तर साहेब दयेनं बघतात. दोन-तीन महिने. त्यातले कच्च्या कैदेतले दिवस वजा होतात.

"तीन म्हयनं," तात्या म्हणाला. "हंगाम संपायच्या आत माघारी."

धाकट्यानं मला विचारलं, "दादा, नक्की?"

मी म्हणालो, "नक्की."

तो उठला, अंगावरचं पाचट झटकलं आणि आईला म्हणाला, माझ्या वाटची भाकरी बांधून दे, कोठडीत काय मिळतं काय ठाऊक. आईनं भाकरीवर तेल घातलं.

तालुक्याचं कोर्ट म्हणजे कौलारू इमारत, पुढं लांब व्हरांडा. महिनाभरानं केस निघाली. जबरी चोरीचा आरोप, आरोपी एक, बाकीचे फरारी. मी कॉलेज बुडवून आलो होतो. टोळीतून तात्या आला होता. आईला आणलं नव्हतं, तिचा कोयता पडला असता.

अख्खी केस भाकरी खायला लागतो त्याहून कमी वेळात झाली. बेलिफानं नाव पुकारलं. धाकटा लाकडी कठड्यात उभा राहिला. शिरस्तेदारानं आरोप वाचला, त्यात सायकल, घड्याळ, पिशवी, जखम सगळं होतं. न्यायाधीश तरुण होते, आवाज मऊ होता. त्यांनी नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, धंदा विचारला.

"वय?"

आदल्या दिवशी जमादारानं त्याला समजावलं होतं की कागदावर आहे तेच बोलायचं, फाटा फोडायचा नाही. पोलिसांनी वय टोळीच्या वहीवरून उतरवलं होतं.

"तेवीस," धाकटा म्हणाला.

मी मागच्या बाकावर होतो. मला खरं वय माहीत होतं. तेवीस असलं काय आणि एकोणीस असलं काय, असं मला वाटलं, आणि मी हललोसुद्धा नाही.

न्यायाधीशांनी विचारलं की गुन्हा कबूल आहे का. तो म्हणाला, व्हय. कुणी मारहाण, दबाव? न्हाई. कबूल केलं तर शिक्षा होईल हे समजतं का? त्यावर त्यानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. "समजतं," तो म्हणाला.

न्यायाधीश थोडा वेळ लिहीत राहिले. मग एक वर्ष सक्तमजुरी वाचून दाखवली. हत्याराची जखम आणि भर रस्ता, म्हणून गुन्हा हलका धरता येत नाही असं काहीसं त्यात होतं. पुढच्या केसचं नाव पुकारलं गेलं.

तात्याला कळलं नाही. त्यानं मला विचारलं, "किती म्हनले?" मी सांगितलं. तो म्हणाला, "तू तर तीन म्हनला व्हता." पुढं तो मला त्याविषयी कधीच काही बोलला नाही, पण तेव्हापासून मला वकीलही म्हणाला नाही.

धाकट्याला बेडी घालून नेलं तेव्हा तो माझ्या अंगावरून गेला. रागावलेला नव्हता. हिशेब चुकल्यावर माणूस बोटं पुन्हा मोजतो तसं काहीतरी चेहऱ्यावर होतं. "आईला सांग, चैतात न्हाई येत," एवढंच म्हणाला.

व्हरांड्यात तो दिवाणजी बसला होता, ज्याला लुटलं होतं तो. हाताला अजून पट्टी होती. साक्षीसाठी बोलावलेलं, पण कबुली आली म्हणून साक्षीची गरजच पडली नाही. तो उठून माझ्याजवळ आला आणि विचारलं, तुम्ही त्याचे कोण. मी सांगितलं. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"तो नव्हता," दिवाणजी म्हणाला. "ज्यानं मला पाडलं तो थोराड होता, माझ्याएवढा. हे तर पोरगं आहे. मी सांगणार होतो हो. मला कुणी विचारलंच नाही."

मला त्याचा राग आला आणि मग लाज वाटली. त्याला विचारायची वाट मीच बंद केली होती.

नगरला एका म्हाताऱ्या वकिलांकडं मी नकला उतरवायला जायला लागलो. तेही त्याच कामासाठी. मजुरी नको, माझ्या भावाचं अपील लिहून द्या, असं मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. ते बोलायला फटकळ होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कबुली दिली ना? मग दार बंद. तो दिवाणजी आता देवळात जाऊन ओरडला तरी उपयोग नाही. कबूल केलेल्याला फक्त शिक्षेबद्दल बोलता येतं, गुन्ह्याबद्दल नाही. ही अक्कल कुणी दिली त्याला?"

मी सांगितलं, मी.

त्यांनी पान लावायचं थांबवलं. मग उगीच विचारल्यासारखं विचारलं, वय काय त्याचं?

"एकोणीस."

"कोर्टात काय लागलंय?"

"तेवीस."

त्यांनी पानाचं तबक बाजूला सारलं. एकवीस वर्षांच्या आतला असेल तर न्यायाधीशाला त्याला सरळ तुरुंगात घालता येत नाही, असा कायदा होता. आधी त्याची चौकशी करून अहवाल मागवायचा, घरची परिस्थिती बघायची, हमीवर सोडता येईल का ते बघायचं. सोडता येत नसेल तर का, ते लिहायचं. आणि असं हमीवर सोडलं तर त्या गुन्ह्याचा डाग पुढं नोकरीच्या आड येत नाही. वकील म्हणाले, "एकोणीस सिद्ध कर. तेवढी एक फट आहे. पण मागच्या बाकावर बसून तू काय करत होतास?"

फेब्रुवारीत मी गावी गेलो. सगळी घरं बंद. शाळेत एक गुरुजी आणि सहा पोरं. जुनी दप्तरं त्यांनी दोन दिवस उपसली. भावाचं नाव सापडलं, जन्मतारीख एक जून. त्याच्या वरच्या पोराची एक जून, खालच्या पोराचीही एक जून, अख्ख्या पानावर एक जून. गुरुजी हसले. म्हणाले, "मी नव्हतो तेव्हा. आधीच्या गुरुजींनी दात बघून लिहिलं असेल." पण साल बरोबर होतं. त्यांनी शाळा सोडल्याचा दाखला शिक्का मारून दिला.

अपील दाखल झालं. निकालापर्यंत सोडवायचं तर जामीन लागत होता, आणि जामिनाला स्वतःच्या नावची जमीन असलेला माणूस. आमच्या ओळखीत असा एकच, तात्या. मी दाखला घेऊन कारखान्यावर गेलो. त्यानं तो हातात घेतला, वाचता येत नसताना उलटसुलट पाहिला.

तो म्हणाला की जामीन राहीन, पण वयाचं काढू नको. कोर्टात वय निघालं की वही निघेल. वहीत पाच पोरांची वयं तशीच आहेत. उद्या कारखाना विचारील, पोलीस विचारतील. त्या पाच पोरांच्या आया परवापासून अर्धा कोयता होतील. त्या पाचही बाया तिथंच मोळ्या बांधत होत्या. त्यातली एक माझी मावशी लागायची. तिनं मान वर केली नाही.

तात्या वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणतो. शब्द दिल्याप्रमाणं त्या टोळीनं धाकट्याच्या वाटचा ऊस शेवटच्या दिवसापर्यंत तोडला. आईचा कोयता एक दिवस पडू दिला नाही. पण हंगाम चैत्रात संपला, आणि शिक्षेचे अजून नऊ महिने उरले होते. एवढा लांब ताप टोळीनं कधी पाहिला नव्हता.

आई सगळं ऐकत होती. ती मला म्हणाली, "वयाचा अर्ज दे. जामीन नगं."

जामीन मिळाला नाही. भाऊ नगरच्या जेलात राहिला. महिन्यातून एकदा मी भेटायला जायचो. तिथं दोन्ही वेळचं जेवण होतं, त्याचं वजन वाढलं. "आता भिंगारचा काटा भरंल," तो म्हणायचा. मी हसायचो आणि बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभा राहायचो. एकदाच त्यानं मला बोलून दाखवलं. जाळीच्या पलीकडून, अगदी सहज, कडबा किती झाला विचारावा तसं.

"दादा, साहेबानं वय ईचारलं तवा तुला ठाऊक हुतं ना?"

"होतं."

"मग?"

मी जाळीवरचा गंज नखानं खरवडत राहिलो. त्यानं पुन्हा विचारलं नाही. आईची बैलं कशी आहेत ते विचारलं.

दिवाळीच्या तोंडावर अपील सुनावणीला आलं. जिल्हा न्यायालयाची इमारत मोठी, आई पायऱ्यांवर चपला काढून आत आली. सरकारी वकिलांनी दाखल्यावर बोट ठेवलं. गावातली सगळीच मुलं एक जूनला कशी जन्मतात, आणि आरोपीनं स्वतः तोंडानं तेवीस सांगितलं त्याचं काय, असं विचारलं. न्यायाधीश म्हणाले की आई हजर असेल तर तिला बोलवा.

तिला कठड्यात उभं केलं. मुलगा कोणत्या साली झाला, तर तिला साल सांगता येईना. मग न्यायाधीशांनीच विचारलं, तुम्ही कशावरून मोजता?

"हंगामावरून," आई म्हणाली.

तो कारखान्याच्या दुसऱ्या हंगामात झाला, असं तिनं सांगितलं. पहिल्या हंगामात ती नवी नवरी होती आणि थोरला पोटात होता, तो सुरू व्हायच्या आधीच झाला म्हणून... मग थांबली, चुकलं म्हणाली, पुन्हा सुरुवातीपासून मोजलं. थोरला कारखान्याची चिमणी बांधत होते तेव्हाचा. धाकटा दुसऱ्या हंगामातला. गाडी काट्यावर वजनाला लागली होती, नवरा गाडीपाशी होता, आणि ती कोपीत एकटी. तिथून तिनं एकेक हंगाम बोटावर घेतला. कोणत्या साली कोणत्या शिवारात कोपी होती, कोणत्या साली बैल मेला, कोणत्या साली मालक गेले. मालक म्हणजे नवरा. तिथं तिचं बोट थोडं थांबलं. कोर्टात कुणी तिला अडवलं नाही. बोटं एकोणीसवर संपली, भाऊ आत गेला त्या हंगामापर्यंत. कारखाना कोणत्या साली सुरू झाला हे न्यायाधीशांना माहीत होतं. त्यांनी कागदावर बेरीज केली.

मग त्यांनी विचारलं, टोळीच्या वहीत तेवीस कुणी लिहिलं?

तात्या आला नव्हता. मला वाटलं आई त्याचं नाव सांगेल. तिनं पदर नीट केला.

"मी लिवायला लावलं, साहेब. पोरगं बारा वर्साचं हुतं. मी मुकादमाला म्हनलं, सोळाचं लिवा. खोटं मपलं हाय. त्याला कशापायी आत ठिवलं?"

हे खरं होतं, का तात्याला वाचवायला ती तसं बोलली, हे मला आजही माहीत नाही. मी तिला पुढं एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "काय फरक पडतो." मुकादमाला आणि त्या पाच बायांना तिनं त्या दिवशी वाचवलं. तरी पुढच्या हंगामाला त्या टोळीनं आम्हाला बोलावलं नाही. कोर्टाची पायरी चढलेली बाई टोळीत नको, असं म्हणे. गाड्या आमच्या दारावरून गेल्या आणि आई ओट्यावर बसून बघत राहिली. मावशी गाडीत पाठ करून बसली होती.

निकाल लागला तेव्हा भावाला कोठडी धरून अकरा महिने झाले होते. न्यायाधीशांनी अहवाल मागवला होता, तो चांगला आला. शिक्षा रद्द केली आणि त्याला जामिनाशिवाय, स्वतःच्या चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. गुन्हा मात्र तसाच राहिला. तो कबूल केला होता, त्याला हात लावता येत नव्हता. वकिलांनी मला ते दोनदा समजावून सांगितलं: कागदावर तो लुटारूच आहे, फक्त शिक्षा भोगलेला लुटारू नाही. मी म्हणालो, शिक्षा तर तो भोगून आला. ते म्हणाले, "ते तुला आणि मला माहीत."

जेलच्या दाराशी मी आणि आई उभे होतो. तो बाहेर आला, अंगानं भरला होता, आणि आईनं त्याचा दंड चाचपून पाहिला. भिंगारला पुन्हा भरती निघाली तेव्हा मी त्याला म्हणालो, चल, आता अडचण नाही, मी कागद घेऊन बरोबर येतो. तो दाढी करत होता. म्हणाला, तिथं विचारतील, कधी अटक झाली का. मी म्हणालो, कायद्यानं आता ते आड येत नाही. त्यानं वस्तरा पाण्यात धुतला. "दादा, तू कायद्याचं सांगू नगंस," तो म्हणाला. तो गेला नाही. पुढच्या भरतीपर्यंत त्याचं वय उलटून गेलं, खरं वय.

मोठ्या दुष्काळाच्या वर्षी आई आणि तो खडी फोडायला गेले. नंतर नागापूरला एका वर्कशॉपात त्याला काम लागलं. मालकानं पूर्वीचं काही विचारलं तर दाखवायला म्हणून मी निकालाची नक्कल त्याच्याजवळ दिली होती. मालकानं कधी विचारलं नाही. ती नक्कल आईच्या ट्रंकेत, शाळेच्या दाखल्याबरोबर आहे.

बहात्तर साली मी बी.ए. झालो, आमच्या वस्तीतला पहिला. माझ्या भावाच्या नावावर कोणतीही शिक्षा नाही.